टीव्हीला लावायचा जुना ८-बिट गेम: आजच्या काळात घ्यावा का?

आधीच सांगून टाकते, घ्यावा. दादाकडे पीएस ५, म्हणजे सोनीचं गेम खेळायचं मशीन, आहे, त्याच्याकडे जाऊन मी त्यावर भरपूर खेळलेय, लॅपटॉपवरही मोठमोठे गेम टाकून बघितलेत, आणि एवढं सगळं करून ऑफिसमधून आल्यावर हात जातो तो ह्या हजार-बाराशे रुपयांच्या प्लास्टिकच्या डब्याकडेच. लोकांना वाटतं हे सगळं लहानपणच्या आठवणींमुळे. आठवणी आहेतच, नाही कुठे म्हणतेय मी, पण माझ्या भाच्याच्या आठवणीत मे महिन्याची सुट्टी आणि भाड्याने आणलेली कॅसेट असं काही म्हणजे काहीच नाही, आणि तोसुद्धा ह्याच्यासमोर बसला की जेवायला उठत नाही. म्हणजे त्या गेममध्येच काहीतरी आहे ना. ते काय आहे आणि डबा घेताना काय बघायचं, दोन्ही लिहिते, जरा लांबेल पण वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा डबा म्हणजे निन्टेंडो ह्या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या गेम मशीनची नक्कल. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला, मग अमेरिकेत १९८५ मध्ये तोच एनईएस ह्या नावाने वेगळ्या खोक्यात गेला. आपल्याकडे खरा फॅमिकॉम फार थोड्या घरांत आला असेल, आपण खेळलो ते मीडिया, लिटल मास्टर असल्या नावांच्या डब्यांवर आणि त्या पिवळ्या-केशरी कॅसेटींवर. मूळ मशीनमध्ये पावणेदोन मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा प्रोसेसर आणि कामासाठी फक्त २ केबी मेमरी होती. हल्लीच्या डब्यांत ते सगळं एकाच चिपमध्ये कोंबलेलं असतं, स्क्रू काढून बघितलं तर बहुतेक जागा रिकामीच दिसते आणि मध्ये काळ्या रेझिनचा एक गोळा, त्याच्याखाली सगळा कारभार.

मी माझा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून घेतला. तिथे दोन प्रकार मिळतात. एक जुन्या पद्धतीचा, वर कॅसेट खोचायची, वायरवाले दोन रिमोट, पिवळी-पांढरी एव्ही केबल आणि अॅडॅप्टर. दुसरा पेन ड्राइव्हसारखा, तो टीव्हीच्या एचडीएमआयला मागे लावायचा, रिमोट वायरलेस, आणि आत हजारो गेम असल्याचं खोक्यावर लिहिलेलं. दुसरा दिसायला छान, चित्र एकदम स्वच्छ, वायरींचा गुंता नाही, त्यामुळे दुकानदार तोच पुढे करतात. आमच्या शेजारी तो आहे, मी त्यावर खेळून बघितलंय. मला विचाराल तर वायरवाला घ्या. कारण एकच, बटण दाबल्यावर किती वेळात मारियो उडतो.

हे ऐकायला फालतू वाटेल पण ह्या गेममध्ये सगळं काही त्यावरच आहे. चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. स्वस्तातल्या वायरलेस रिमोटने थोडा उशीर केला, त्या पेन ड्राइव्हमधल्या सॉफ्टवेअरने थोडा केला, वर टीव्हीने चित्र गुळगुळीत करायच्या नादात आणखी केला, की सगळं मिळून एवढं होतं की तुम्ही खड्ड्याच्या काठावर बटण दाबता आणि मारियो खड्ड्यात पडल्यावर उडायला बघतो. मुलं म्हणतात गेम अवघड आहे. गेम अवघड नाहीये बाळांनो, मशीन उशिरा ऐकतंय. म्हणून कुठलाही डबा घेतलात तरी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा, फरक लगेच कळतो. आणि तिथेच असाल तर चित्राचा आकार ४:३ करून टाका, नाहीतर मारियो आडवा पसरलेला दिसतो आणि उड्यांचा अंदाज चुकतो. नवीन टीव्हींना मागे एव्हीची तीन भोकं नसतात, एकच छोटं हेडफोनसारखं भोक असतं, त्यासाठीची वायर शंभर रुपयांच्या आसपास मिळते. तेही नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी घ्यावी लागते, तीही चालते, फक्त तीसुद्धा थोडा उशीर करतेच.

आता मुद्द्यावर येते.

मारियोची पहिली स्टेज आठवा. सुपर मारियो ब्रदर्स, सप्टेंबर १९८५, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका ह्या जोडीने बनवलेला. गेम सुरू होतो तेव्हा मारियो डाव्या बाजूला उभा, तोंड उजवीकडे, आणि उजवीकडे सगळी मोकळी जागा. कुठे जायचं हे कुणी सांगत नाही, सांगायची गरजच नाही, डावीकडे दाबलं तर स्क्रीन हलतच नाही. दोन पावलं जाता तोच एक तपकिरी मशरूमवाला रागीट चेहरा समोरून येतो. काही केलं नाहीत तर मेलात, फारसं काही गेलं नाही, दोन सेकंदांपूर्वीच तर सुरू केलं होतं. पुढच्या वेळी उडी मारता, चुकून त्याच्या डोक्यावर पडता, तो चपटा होतो, झालं, तुम्ही शिकलात. वर प्रश्नचिन्हवाली वीट चमकत असते, तिला डोकं आपटलं की मशरूम निघतं, ते घरंगळत उजवीकडे जातं, पुढच्या पाइपला आपटतं आणि परत तुमच्याकडेच येतं. आता आत्ताच एका मशरूमसारख्या दिसणाऱ्याने तुम्हाला मारलेलं असतं म्हणून तुम्ही पळू बघता, पण डोक्यावर विटा आहेत, नीट उडता येत नाही, ते बहुतेक वेळा अंगावर येतंच, आणि मारियो मोठा होतो. मियामोतोंनी हे मुद्दाम असं रचलंय, त्यांनी स्वतः मुलाखतीत समजावून सांगितलंय. थोडं पुढे पायऱ्यांचे दोन डोंगर येतात ज्यांच्यामध्ये साधी जमीन आहे, चुकलात तरी काही होत नाही. त्याच्यापुढे पुन्हा तसेच दोन डोंगर, आता मध्ये खड्डा. म्हणजे आधी सराव, मग परीक्षा, आणि ह्या सगळ्यात एक अक्षर लिहिलेलं नाही.

भाच्याला मी काही सांगितलं नव्हतं. रिमोट हातात दिला आणि गप्प बसले. पहिल्या संध्याकाळीच तो स्टेज संपते तिथल्या झेंड्यापर्यंत पोचला आणि मला सांगायला लागला, आत्या, बी दाबून ठेवलं की जोरात पळतो आणि पळत पळत उडी मारली की झेंड्याच्या वरच्या टोकाला पोचतो. त्याने ते स्वतः शोधलं होतं, तो आवाज काही वेगळाच असतो मुलांचा.

आता ह्याच्याशेजारी दादाच्या पीएस ५ वर काय झालं ते सांगते. गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक, २०२२ चा, दिसायला अप्रतिम, बर्फ, आग, मोठमोठे प्राणी, बापलेकाचं नातं. खेळताना एखादं कोडं समोर येतं, मी अजून नीट बघतेय, कुठली साखळी कुठे जातेय, आणि तेवढ्यात बरोबरचं पात्र बोलून मोकळं, ते तिकडे आहे बघ, त्याच्यावर कुऱ्हाड मार. अहो मला विचार तर करू द्या! ह्याबद्दल जगभरच्या खेळणाऱ्यांनी तक्रार केलीये, मी एकटी नाही. हजारो लोकांनी वर्षानुवर्षं मेहनत करून बनवलेल्या गेमला माझ्यावर एवढाही विश्वास नाही की ही बाई दोन मिनिटांत स्वतः शोधेल, आणि १९८५ च्या ४० केबीच्या गेमला माझ्या भाच्यावर तो विश्वास होता. मला जुना गेम आवडतो ह्याचं सगळ्यात मोठं कारण विचाराल तर हेच, तो मला खेळू देतो.

हो, ४० केबी, अख्खा गेम, बत्तीस स्टेज, सगळं संगीत, सगळं. आकाशातले ढग आणि खालची झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय, एवढी काटकसर. रेड डेड रिडेम्प्शन २ ला पीसीवर दीडशे जीबी जागा लागते, तेवढ्या जागेत पस्तीस लाखांहून जास्त मारियो मावतील. आता आकार मोठा म्हणून गेम वाईट असं मी म्हणणार नाही, रेड डेड मी बराच खेळलेय आणि त्यातल्या आर्थर मॉर्गनचं काम करणाऱ्या रॉजर क्लार्कला २०१८ मध्ये अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते अगदी योग्य माणसाला मिळालं. पण सुरुवात आठवा. बर्फातला तो पहिला अध्याय, घोड्यावरून हळूहळू जायचं, बाकीचे बोलताहेत ते ऐकायचं, मध्ये गोळीबार, पुन्हा घोडा, पुन्हा बोलणं. मोकळं सोडतात तोपर्यंत माझी आख्खी शनिवारची संध्याकाळ गेलेली. नंतरही एखादा डबा उचलायचा तर आर्थर वाकणार, हात पुढे करणार, उचलणार, बघणार, पिशवीत टाकणार. कुणाला त्यात मजा येते, दादाला येते, तो म्हणतो अगं जगायचं असतं त्यात, घाई काय आहे. असेल. मला दिवसभर ऑफिसात बसून झाल्यावर रात्री जो अर्धा-पाऊण तास मिळतो त्यात मला कुणाला तरी ड्रॉवर उघडताना बघायचं नसतं.

आणि मध्ये खंड पडला की संपलंच. महिनाअखेरीला काम वाढतं, पंधरा-वीस दिवस हात लागत नाही, मग परत सुरू केलं की हा माणूस कोण, ही आपल्यावर का चिडलीये, डावीकडचं वरचं बटण कशासाठी होतं, नकाशावर सतरा खुणा, काहीच आठवत नाही. परत पहिल्यापासून खेळायचा धीर नसतो आणि पुढे जाण्यात अर्थ नसतो. माझे असे किती गेम अर्धवट पडलेत. कॉन्ट्राचं असं कधी होणार आहे का? दोन वर्षांनी लावा, जंगल तेच, एका बटणाने उडी, एका बटणाने गोळी, आणि पहिल्या दहा सेकंदांत हात आपोआप चालायला लागतात.

कॉन्ट्राबद्दल लिहायलाच पाहिजे. कोनामीने १९८७ मध्ये नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी काढला आणि १९८८ मध्ये घरच्या मशीनवर आणला, आपल्याला माहीत असलेला तो हा दुसरा. एक गोळी लागली की मेलात, लाइफ फक्त तीन, म्हणून तो वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए वाला मंत्र, तीस लाइफ. हा कोड कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो ह्यांनी मुळात १९८६ च्या ग्रेडियससाठी टाकला होता, तो गेम तपासताना त्यांना स्वतःलाच फार अवघड जायचा म्हणून. आपल्याकडच्या बऱ्याच कॅसेटींत तीस लाइफवाला कॉन्ट्रा मेनूतच वेगळा दिलेला असतो, माझ्याही आहे. पण जमलं तर तीन लाइफवर खेळा. एसवाली गन मिळाली, पाच गोळ्या पसरून जाताहेत, आता ही गन जाता कामा नये म्हणून तुम्ही पुढचं प्रत्येक पाऊल जपून टाकता, तो ताण कुठल्याही कथेने मला दिलेला नाही. दोघं खेळत असाल तर तिसरी स्टेज बघा, धबधब्याची. स्क्रीन वर सरकते, आणि जो भरभर वर चढला त्याच्यामुळे खालचा मरतो. दादा नेहमी पुढे पळायचा. अजून पळतो! चाळीशी उलटलीये, दोन मुलांचा बाप आहे, आणि गेल्या दिवाळीत त्याने मला त्याच धबधब्यावर तशीच मारली, मी ओरडतेय दादा थांब थांब, तर हा हसत वर. वहिनी स्वयंपाकघरातून विचारतेय काय झालं. आता ह्याला कुणी कथा म्हणणार नसेल तर नका म्हणू, पण आमच्या घरात ती सांगितली जाते.

हेच टँकवाल्या गेमचं. बॅटल सिटी, नामकोचा, १९८५. खाली मध्यभागी आपला गरुड, भोवती विटा, वरून एकेका स्टेजला वीस टँक येणार, ते सगळे मारायचे आणि गरुड वाचवायचा. बस. नियम एवढेच आणि तरी त्यात केवढं काय काय घडतं. आपलीच गोळी आपल्या गरुडाला लागली तरी गेम ओव्हर. जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही पण थोडा वेळ जागेवर गोठतो, आणि नेमका तेव्हाच शत्रूचा टँक येतो, मग भांडणं. फावडं मिळालं की गरुडाभोवती विटांच्या जागी लोखंड, घड्याळ मिळालं की सगळे थांबले, चांदण्या जमवल्या की आपली गोळी लोखंडसुद्धा फोडते. दोघांत कामं वाटून घ्यावी लागतात, तू वर जा मी गरुड सांभाळतो, आणि दोघांनाही चांदणी हवी असते. शिवाय कन्स्ट्रक्शन आहे, स्वतःची स्टेज बनवायची. भाचा तासन्‌तास नुसत्या स्टेज बनवत बसतो, गरुडाभोवती आधी लोखंड, मग पाणी, मग परत लोखंड. मला वाटतं पैसे वसूल करणारा ह्या कॅसेटमधला एकच गेम निवडायचा झाला तर मी हा निवडेन, मारियोच्याही आधी. एका सोफ्यावर दोघं, हातात एकेक रिमोट, वेगळं इंटरनेट नाही, खातं उघडायचं नाही, अपडेटसाठी थांबायचं नाही.

एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. कथेवर चालणारे मोठे गेम इंग्रजीत असतात, तेही अस्सल अमेरिकन नाहीतर स्कॉटिश उच्चारांत, खाली बारीक अक्षरांत सबटायटल. मराठीत मी तरी अजून असा एकही बघितलेला नाही. म्हणजे ज्या कथेसाठी तो गेम आहे तीच आमच्या आईसारख्या बाईसाठी बंद. आणि ह्या डब्यावर आई गॅलेक्सियन खेळते! सत्तरीच्या जवळ आलीये, वरून येणाऱ्या त्या रंगीत माश्या मारायच्या एवढंच तिला कळायला हवं होतं आणि ते तिला बघूनच कळलं. दुपारी मालिका संपली की बसते. स्कोअर विचारते मला, काल किती झाला होता गं. तिला टेट्रिसही लावून दिला, तो तिला फार भरभर वाटतो. टेट्रिसचं तर काय सांगायचं, अलेक्सी पाजित्नोव ह्यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत बनवलेला गेम, आणि त्याची १९८९ ची एनईएसवाली आवृत्ती माणसाने पार शेवटपर्यंत, म्हणजे गेमच गोठून पडेपर्यंत, पहिल्यांदा खेळली ती डिसेंबर २०२३ मध्ये, अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने. चौतीस वर्षं लागली. ठोकळे रचायचा गेम, कथा शून्य.

बरं, कथा नकोच असं माझं म्हणणं नाहीये. मारियोतही आहे की, राजकन्येला पळवलंय, तिला सोडवायचंय, किल्ला जिंकला की कळतं ती दुसऱ्या किल्ल्यात आहे. एका ओळीत मावते आणि मग बाजूला होते. मेटल गियर सॉलिड ४ मध्ये, २००८ चा गेम, शेवटी तासाभराहून जास्त नुसतं बसून बघायचं आहे, रिमोट बाजूला ठेवून. बघायचंच असेल तर मी नाटकाला जाईन, बालगंधर्वला जाऊन समोर जिवंत माणसं बघेन, ते सरस असतं. हातात रिमोट दिलाय तर तो वापरू द्या.

आणि साधा गेम म्हणजे जुनाच असंही नाही. शॉवेल नाइट २०१४ चा आहे, सेलेस्ट २०१८ चा, दोन्ही ह्याच पद्धतीचे, उडी मारा, मरा, लगेच परत उभे राहा. सेलेस्टमध्ये तर गोष्टही छान आहे, पण ती खेळण्याच्या आड येत नाही. ज्यांना हा डबा नको असेल त्यांनी लॅपटॉपवर हे दोन घ्यावेत, वाया जाणार नाहीत.

आता डब्याचे दोष, तेही कमी नाहीत. पहिला म्हणजे खोटी संख्या. माझ्या कॅसेटवर मोठ्ठ्या आकड्यात शेकडो गेम लिहिलेत, प्रत्यक्षात काही डझन आहेत आणि तेच पुन्हा पुन्हा नाव बदलून, किंवा तोच मारियो दुसऱ्या स्टेजपासून, तिसऱ्या स्टेजपासून असे वेगळे गेम म्हणून मोजलेत. पूर्वीही असंच असायचं, पण आता तरी सोडा राव. दुसरा, आवाज. मूळ मशीनमध्ये आवाजाच्या पाच वाटा होत्या, आणि कोजी कोंदोंनी त्यात मारियोचं जे संगीत बसवलं ते आजही कुणीही गुणगुणतं. वेळ शंभरच्या खाली गेली की तेच गाणं घाईघाईत वाजायला लागतं आणि छातीत धडधडतं. स्वस्त चिपांमध्ये ह्या स्वरांचा पोत थोडा बदलतो, बऱ्याच जणांच्या लक्षात येणार नाही, माझ्या कानाला खुपतो. तिसरा, रिमोट. चौकोनातलं अधिक चिन्हाचं बटण मऊ आहे, उजवीकडे दाबायला जाताना कधीकधी खालीच दाबलं जातं आणि कॉन्ट्रात पळता पळता माणूस झोपतो. वरची दोन टर्बो बटणं मात्र झकास, गोळ्यांसाठी अंगठा दुखत नाही. वायर आखूड आहे, मोठ्या टीव्हीसाठी फारच जवळ बसावं लागतं, मी पुढे पाट मांडून बसते. अॅडॅप्टर गरम होतो, खेळून झालं की काढून ठेवत जा.

आणि टीव्हीवर नेम धरून खेळायची बंदूक. बंदुकीसाठी कुणीही हा डबा घेऊ नका. डक हंट हा बदकं मारायचा गेम जुन्या पेटीसारख्या टीव्हीवर चालायचा कारण खटका ओढला की क्षणभर सगळी स्क्रीन काळी व्हायची आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड नेमक्या त्याच क्षणी बघायचा. आताच्या सपाट टीव्हीवर चित्र त्या वेळेत उमटतच नाही आणि बंदुकीला हवा तसा उजेडही येत नाही. त्यामुळे बदकं हसत उडून जातात आणि गेममधला कुत्रा हसतो. दुकानदार सांगतात चालते म्हणून, नाही चालत. घरात जुना पेटीवाला टीव्ही असेल तर जरूर जपून ठेवा, त्यावर ह्या गेमांचं चित्रही ज्या मऊपणाने दिसायला हवं तसंच दिसतं आणि उशीर जवळजवळ नसतोच.

अजून एक, ह्या कॅसेटींतले गेम मूळ कंपन्यांची परवानगी घेऊन टाकलेले नसतात, हे माहीत असू द्या. सरळ मार्गाने हवे असतील तर कोनामीने २०१९ मध्ये कॉन्ट्राच्या जुन्या गेमांचा संच काढलाय, तो स्टीम ह्या गेम विकणाऱ्या साइटवर मिळतो, सेलमध्ये बराच स्वस्त असतो, आणि निन्टेंडोचं स्विच हे मशीन असेल तर त्याच्या ऑनलाइन सभासदत्वात मारियोसकट बरेच जुने गेम येतात. स्विच भारतात निन्टेंडो स्वतः विकत नाही, बाहेरून आलेला घ्यावा लागतो आणि महाग पडतो, म्हणून बहुतेक घरांत शेवटी हा डबाच येतो.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो खोट्या आकड्यासाठी आणि मऊ बटणासाठी.

घ्यायला जाल तेव्हा दुकानातच टीव्हीला लावून मागा, लाजू नका, ते लावून दाखवतात. मारियो सुरू करा, अंगठ्याच्या टोकाने बी दाबून पळा आणि त्याच अंगठ्याच्या मुळाने ए दाबून उडी मारा. दोन्ही एकदम बसायला हवं. मग दुसऱ्या रिमोटवर टँक लावून चारही दिशांना फिरवून बघा, कारण दुसरा रिमोट कुणी तपासत नाही आणि घरी गेल्यावर नेमका तोच डावीकडे वळत नाही. नाही वळला तर खोकं बदलून घ्या, नुसता रिमोट बदलून देतो म्हणाले तर नको म्हणा, सुट्या रिमोटची पिन बऱ्याचदा वेगळी असते.